चौदा वर्षांच्या मुलीला हसवेल असं पुस्तक

मुलीचा पाय मोडला तेव्हा स्कूटी मी चालवत होते. शिरगावात भाजी घेऊन आम्ही दोघी कात्रपला घरी येत होतो. कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि गाडी खड्ड्यात कलंडली. माझं कोपर खरचटलं. तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून प्लेट घातली आणि डॉक्टर म्हणाले, दोन महिने या पायावर अजिबात भार द्यायचा नाही.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीत लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे, पण लिफ्ट काही बसली नाही. हॉस्पिटलमधून आणलं त्या दिवशी चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर चढवलं. माझा नवरा अंबरनाथला एमआयडीसीत, शिफ्टमध्ये. त्याला एवढी रजा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून मी घेतली. मग दिवसभर घरात आम्ही दोघीच. बेडपॅन, अंग पुसणं, गोळ्या, उशी वर, उशी खाली. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या, तिथल्या दोरीवरचे टॉवेलसुद्धा मला पाठ झाले होते.

अपघाताबद्दल ती एक शब्द बोलली नाही. रागावली असती, ओरडली असती, तर मला सोपं गेलं असतं. मी "सॉरी गं बाळा" म्हणायला तोंड उघडलं, की ती म्हणायची, "आई, पाणी दे ना." दिवसातून तीन-चार वेळा मी बाथरूममध्ये जाऊन दार लावायचे, नळ सोडायचे आणि पालथ्या बादलीवर नुसती बसून राहायचे.

पहिले आठ दिवस ती मोबाइलवर होती. मग वर्गाच्या ग्रुपवर गॅदरिंगच्या प्रॅक्टिसचे व्हिडिओ यायला लागले. तिच्या जागी दुसरी मुलगी नाचत होती. हिने फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "वाचायला दे काहीतरी."

घरात पुस्तकं होती. सासऱ्यांनी हौसेनं जमवलेली, धम्मावरची, चळवळीतल्या माणसांची आत्मचरित्रं. त्यातलं एक तिने निम्म्यापर्यंत वाचलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली, "पण त्या मुलाला दोन दिवस खायला नाहीये आणि मी लोळत वरणभात खातेय. मला जास्तच वाईट वाटतं."

भेटायला येणाऱ्यांनीही पुस्तकं आणली. परीकथा तिला लहान पडत होत्या आणि बोधकथा तिच्या डोक्यात जात होत्या. एक दिवस तिने एक पुस्तक पायथ्याशी भिरकावलं.

"यांच्यातली पोरं शेवटी सॉरीच का म्हणतात सारखी? आणि इतकी शहाणी कशी असतात? आमच्या वर्गात असं एकपण नाहीये."

"मग तुला कसं पाहिजे?"

तिने थोडा विचार केला. "खरं पाहिजे. म्हणजे आपल्यासारखी माणसं. आणि हसायला आलं पाहिजे. जोक नकोत. जोकने बोअर होतं."

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते. नवरा तिच्याजवळ बसला आणि मी बारा दिवसांनी पहिल्यांदा खाली उतरले. स्कूटी पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. तिच्याकडे न बघता मी रिक्षा केली आणि स्टेशनपलीकडच्या वाचनालयात गेले.

तिथले ग्रंथपाल वयस्कर, मनाने चांगले होते. त्यांनी बालविभागाचं कपाट उघडलं.

"ताई, वय काय मुलीचं?"

"चौदा."

"चौदा म्हणजे..." त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग समोरच्या मोठ्यांच्या रॅककडे पाहिलं. "मधलंच झालं की हो."

"घरातली, शाळेतली गोष्ट असावी. खरी वाटणारी. आणि विनोदी."

"विनोदी आहेत, पण त्यातली माणसं सगळी मोठी. लहान मुलांची आहेत, त्यात सगळे प्राणी." ते खरोखर विचारात पडले. "तुम्ही म्हणता तशी कादंबरी या वयाला हवी. पण मागायला कुणी येतच नाही. मुलं येतात ती स्पर्धा परीक्षांची पुस्तकं न्यायला." तरी त्यांनी शोधून दोन दिली. पहिलं साहसाचं निघालं, त्यात मुलं चोर पकडत होती. दुसऱ्यात सहलीला गेलेली मुलं प्रत्येक पानावर किल्ल्याची माहिती देत होती. मुलीने दोन्ही एका दुपारी संपवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या आठवड्यात मी तिच्यावर खूप ओरडले. कारण सूपचं होतं. "मलाही कंटाळा येतो!" असं म्हणाले आणि म्हटल्यावर लगेच बाथरूममध्ये गेले.

पुढच्या शुक्रवारी मी उल्हासनगरला, कॅम्प चार या भागात गेले. तिथे शिलाई मशिनच्या दुकानांमागे जुन्या पुस्तकांचं आणि रद्दीचं एक दुकान आहे, हे मला कॉलेजपासून माहीत होतं. गल्ल्यावर एक सिंधी आजी बसल्या होत्या. मी काय हवंय ते सांगितलं.

"हसनेवाला? मराठी में?" त्यांनी मागच्या गठ्ठ्यांकडे बोट केलं. "उधर देखो बेटा. आमच्याकडे वजनावर येतं, हसणारं-रडणारं सगळं एकत्र."

मी खाली बसून गठ्ठे सोडत राहिले. गाइडं, दिवाळी अंक, पंचांगं. दोन तास गेले असतील. कुणी हाक मारत नव्हतं, कुणाची उशी सरकवायची नव्हती, आणि मला उठावंसंच वाटेना. घरी ती वाट बघत असेल हे कळत असूनही बसले होते, हे आता लिहिताना लाज वाटते.

तिथे एक कादंबरी मिळाली. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची पानं फाटलेली, त्यामुळे लेखक कोण आणि नाव काय ते आम्हाला आजतागायत माहीत नाही. दोन खोल्यांच्या घरातली नववीतली मुलगी, तिच्या ताईला बघायला येऊन हिच्याशीच गप्पा मारत बसणारे पाहुणे, स्वतःला येत नसताना सायकल शिकवणारे काका. रिक्षात मी चार पानं वाचली आणि हसले. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं.

मुलीने ते पुस्तक लगेच हातात घेतलं. संध्याकाळी मी कणीक मळत होते, तेव्हा आतून आवाज आला. आधी मला वाटलं, रडतेय. धावत गेले, तर ती मांडीला हात लावून हसत होती. "आई, दुखतंय गं," म्हणत हसत होती.

तिसऱ्या दिवशी ती मोठ्याने वाचून दाखवायला लागली. त्या कादंबरीतली आई रोज दुपारी पापड वाळवायच्या निमित्ताने गच्चीवर जाते, बाहेरून कुणी येऊ नये म्हणून कडी लावते आणि एकटीच बसते. एकदा घरातले पाच जण जिन्यात रांग लावून तिची वाट बघतात. हे वाचून झाल्यावर मुलगी सहज म्हणाली, "तू बाथरूममध्ये बसतेस ना, तसंच."

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"नळ चालू असतो आणि बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत नाही." मग पुस्तकातलं बोट न काढता तिने विचारलं, "एक सांगू? तू ओरडणार नाहीस?"

"सांग."

"त्या दिवशी आपण पडलो ना, तेव्हा तू आधी उठून काय केलंस माहितेय? रस्त्यावरची भेंडी गोळा केलीस. मी आडवी पडलेय, लोक मला धरतायत, आणि तू कुत्र्याला म्हणतेस, 'अरे बाजूला हो, पाय देशील!' भेंडीवर!" ती हसत सुटली. "मला धरणाऱ्या एका काकांनी तुला हाक मारली, 'अहो, मुलगी, मुलगी!'"

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी हसले नाही, मला हसताच आलं नाही. मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून रडले, आणि ती वैतागून म्हणाली, "आई, हे विनोदी आहे. शप्पथ." थोड्या वेळाने मी तिला सॉरी म्हणाले. या वेळी तिने पाणी मागितलं नाही. "हं," म्हणाली, आणि वाचायला लागली.

ते पुस्तक तिने चारदा वाचलं. तसं दुसरं शोधायला मी अंबरनाथच्या एका पुस्तक प्रदर्शनात गेले, ओळखीच्या शिक्षिकांना विचारलं. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मोठ्यांच्या रॅकमधून एक काढून ठेवलं होतं, ते तिला चाललं. दोन महिन्यांत एकूण दोन पुस्तकं, बस.

वॉकर आल्यानंतर दहाव्या दिवशी तिने हट्ट धरला, खाली जायचं. नवरा कामावर होता. ती एकेका पायरीवर बसत, घसरत उतरली, मी वॉकर घेऊन पुढे. तासाभराने पार्किंगमध्ये पोचलो. तिने गेटबाहेरचा रस्ता पाहिला, पाणीपुरीवाला पाहिला, पाच मिनिटं उन्हात उभी राहिली.

"चल, झालं," ती म्हणाली. "आता वर कसं जायचं?"

ते आम्ही ठरवलंच नव्हतं. नवऱ्याची शिफ्ट सुटायला अडीच तास होते. आम्ही खालच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलो. येणारे-जाणारे विचारत होते, काय झालं, आणि दर वेळी मुलगीच सगळी हकिगत सांगत होती, भेंडीसकट.