ह्यांचा डावा कान

आमच्या ह्यांच्याइतका एकनिष्ठ नवरा अख्ख्या गिरणगावात दुसरा नसेल. फक्त ती निष्ठा माझ्या वाट्याला आली नाही; ती काळाचौकीच्या आमच्या चाळीमागे भिंतीला लागून उभ्या असणाऱ्या सहाचाकी गाडीच्या वाट्याला आली. गाडी म्हणजे ट्रक. पण ट्रक म्हटलेलं ह्यांना खपत नाही. कॉटन ग्रीनच्या गोदामातला माल भिवंडीला पोचवणं एवढंच तिचं काम, पण ह्यांच्या बोलण्यात ती अशी येते, की नवखा माणूस विचारतो, घरी अजून कोण कोण असतं?

तिच्यात चढताना हे चपला खाली काढतात. लक्ष्मी आहे म्हणे. त्याच चपला घालून माझ्या ओट्यापर्यंत येतात, तेव्हा लक्ष्मी कुठे जाते ते मी कधी विचारलं नाही. दसऱ्याला पहिला पेढा तिच्या बंपरवर ठेवायचा, मग घरात. आमची मुलगी परळच्या इस्पितळात जन्माला आली, तेव्हा हे पाच तासांनी उगवले आणि नर्सने काही विचारायच्या आत म्हणाले, "क्लच प्लेट बदलून इलंय, आता काय टेन्शन नाय." नर्सला वाटलं, हा गृहस्थ दुसऱ्याच वॉर्डातला.

अशा माणसाला भेट काय द्यायची? लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला मी हिंदमाताला चार दुकानं पालथी घालून एक मऊ सुती सदरा आणला. महिन्याभरात तो ह्यांच्या हातात गोळा होऊन समोरची काच पुसताना दिसला. मी काही बोलायच्या आधीच हे कौतुकानं म्हणाले, "काय कापड हा गो! काचेर एक ओरखडो नाय!" ही माझ्या निवडीला मिळालेली पहिली आणि बहुधा शेवटची दाद. पुढे शाल दिली, ती केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणावर पसरली गेली, कारण ते तापतं आणि टेकणाऱ्याला चटका बसतो. घड्याळ आरशाच्या दांडीला बांधलं गेलं. अत्तर केबिनमध्ये शिंपडलं गेलं. एका वर्षी हट्टानं आमच्या दोघांचा फोटो फ्रेम करून दिला. आठ दिवसांनी पाहते तर फ्रेममध्ये गाडीचा परवाना. "कागद भिजत नाय," हे म्हणाले. फोटो कुठे गेला ते त्यांना आठवेना. तेव्हापासून मी गाडीशी बोलणं टाकलं. हसू नका, त्याआधी बोलत होते.

पत्नीला वामांगी म्हणतात, म्हणजे डाव्या अंगाची. आमच्या ह्यांच्या डाव्या अंगाला तीस वर्षं इंजिन धडधडतंय. त्या धडधडीनं हळूहळू डावा कान गेला. उजवा ठणठणीत आहे, पण त्याचा मला उपयोग नाही. जेवायला बसताना हे उजवी बाजू खिडकीकडे करून बसतात, खाली गाडी दिसावी म्हणून. म्हणजे माझ्याकडे उरला डावा कान. गॅस संपला, पाहुणे यायचेत, मुलीचा फोन आला होता, सगळं मी त्याच कानात ओतत आले. उत्तर ठरलेलं, "हां, बघूया." एकदा मी सांगितलं, की छातीत गाठ लागतेय, डॉक्टरांनी तपासायला बोलावलंय. हे म्हणाले, "हां, मीठ जरा कमी हा." मी मीठ वाढलं. परळला एकटीच जाऊन आले. गाठ साधी निघाली. पण परत येताना जो राग मनात धरला, तो काही साधा नव्हता.

यंदा लग्नाचा तिसावा वाढदिवस. मी ठरवलं, गाडीला देताच येणार नाही अशी वस्तू द्यायची. गाडीला काच आहे, आरसा आहे, दिवे आहेत, कान नाहीत. कानाचं मशीन द्यायचं. निदान एक माणूस म्हणून माझं बोलणं ऐकू तरी जाईल. पण तपासणीला हे यायला हवेत ना. "माका सगळा ऐकाक येता," म्हणून उडवून लावलं. आठवडाभर विनवण्या करून मी थकले आणि शेवटी रागानं म्हटलं, "उद्या इंजिनात काही बिघडलं तर डाव्या कानाला कळणार आहे का तुमच्या?" ह्यांचा चेहरा उतरला. "ह्या आधी कित्याक नाय सांगलंस?" म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी गाडी उभी ठेवून माझ्याबरोबर परळला आले. माझ्यासाठी गाडी उभी राहिल्याचं मला तरी आठवत नाही. तीस वर्षांच्या संसारात जे माझ्या नावानं झालं नाही, ते तिच्या नावानं एका दिवसात झालं.

वाढदिवसाच्या सकाळी मशीन कानात बसलं. मी समोर उभी. काय बोलायचं ते रात्रभर ठरवून ठेवलं होतं. हे उठले, चपला पायात सरकवल्या आणि खाली गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी वर आले ते अगदी पडेल चेहऱ्यानं. "इंजिनात टॅपेट वाजता हा गो. कधीपासून वाजत होता, देव जाणे." आणि मिस्त्रीला बोलवायला पळाले. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. सदरा, शाल, घड्याळ, आणि आता कानसुद्धा. तिनं काही म्हणून सोडलं नव्हतं.

दुपारी हे हात धुऊन पानावर बसले. मशीन कानातच होतं, बहुधा काढायचं विसरले असतील. मी नेहमीसारखं विचारलं, "आमटी वाढू का?"

हे दचकले. हातातला घास तसाच राहिला. माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "एवढ्यान कित्याक आरडतंस? माझ्यार रागावलंस काय?"

मला कळेना. मग कळलं. डाव्या कानाशी बोलता बोलता माझा आवाजच असा होऊन बसला होता. शेजारणीशी, देवाशी, मुलीशी फोनवर, मी सगळ्यांशी ओरडतच बोलत होते. लग्न करून आले तेव्हा माझा आवाज कसा होता, तो मलाही आता आठवत नव्हता. तो शोधायला मला जरा वेळ लागला.

"हो," मी म्हणाले. अगदी हळू म्हणाले.

आणि ते त्यांना ऐकू गेलं. इतका वेळ हे माझ्याकडे कधी बघत राहिले नव्हते. मग घाबऱ्या आवाजात विचारलं, "कधीपासून गो?"

सकाळी टॅपेटबद्दल बोलले होते त्याच आवाजात. मला हसू आलं, आणि डोळेही भरले.

"आधी जेवून घ्या," मी म्हटलं. "सांगायला वेळ लागेल."