पिनरच्या देवघरातला गुंड

माझ्या सासूबाईंनी आमच्या देवघरात एका गुंडाची स्थापना केली, तेव्हा मी शाळेत इयर एटला प्रकाशसंश्लेषण शिकवत होते.

घरी आले, बूट काढले आणि देवघराशी थबकलेच. (देवघर म्हणजे बॉयलरशेजारचं कपाट. लंडनजवळच्या पिनरमध्ये देवांनासुद्धा स्टोरेज बघूनच राहावं लागतं.) गणपती आणि अन्नपूर्णेच्या मध्ये माझ्या लेकीचा, सायलीचा, जुना टॅबलेट उभा! त्यावर काळी हॅट घातलेला, चिरूट ओढणारा, पिस्तूल रोखलेला एक माणूस आणि त्याच्या कपाळावर, म्हणजे काचेवर, हळदकुंकू! समोर आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मग "व्हय म्हाराजा!" म्हणून त्यांनी काचेवर बोट टेकवलं. तीन चक्रं गरागरा फिरली, धडाधड गोळ्या सुटल्या आणि तीन पिस्तुलं ओळीने येऊन थांबली.

"डावा," आई म्हणाल्या.

माझ्या हातातला डबा खाली पडला. "आई! अहो, हे स्लॉट मशीन आहे! जुगार! तोही देवासमोर?"

"जुगार कसला? पैसे कोण घालतंय? फुकटची नाणी देतो तो. मी भजन ऐकत होते, तर हा मध्येच जाहिरातीत आला. मी कौल लावतेय."

आई कुडाळजवळच्या गावच्या. तिथे घरातलं काही महत्त्वाचं ठरवायचं असलं की गुरव देवाच्या मूर्तीला कळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. एवढं मलाही ठाऊक होतं. पण गावच्या देवाने पिनरच्या केससाठी असला वकील दिला असेल, हे मला कसं सुचणार?

"इथे गुरव कुठून आणू?" आई म्हणाल्या. "तुमच्या सुपरमार्केटातली फुलं आठवडाभर हलत नाहीत. म्हणून हा. तीन हॅटवाले आले की उजवा, तीन पिस्तुलं आली की डावा. सगळी खिचडी आली तर देव विचार करतोय, पुन्हा विचारायचं."

"अहो पण तो गुंड आहे!"

"मग? आमचा गुरव तरी कुठे सज्जन होता?"

कप्पाळ! मी खाली पडलेला डबा उचलला.

"पण विचारलंत काय त्याला?"

"ते सांगायचं नसतं."

सांगायची गरजच नव्हती. सायलीला तिच्या ऑफिसातल्या टॉमशी लग्न करायचं होतं. आजीवर तिचा भारी जीव. "आजी नो म्हणाला, तर मी नाही करणार," असं तिने आम्हाला ठणकावून सांगितलं होतं. (पोरगी इथलीच. तिच्या मराठीत आजी कधीही आजोबा होते.) टॉम मला फार आवडला होता. मी तर लग्नात नेसायची पैठणीही मनातल्या मनात ठरवून बसले होते. आई मात्र गावाहून आल्यापासून हो नाही की नाही नाही! आता कळलं का ते. माझ्या एकुलत्या एका लेकीचं लग्न तो चिरूटवाला ठरवत होता. शुक्रवारी पुन्हा डावा. शनिवारी मी चार्जर लपवला, तर आईंनी स्वतःच्या फोनचा लावला. पुन्हा डावा!

मी नवऱ्याला हॉस्पिटलमध्ये फोन केला. "शिरीष, तुझी आई सायलीचं लग्न गुंडाला विचारून मोडतेय!"

"काय म्हणतोय गुंड?"

"डावा! रोज डावा!"

"रोज? मग कठीण आहे गं."

आणि म्हणे हा माणूस कन्सल्टंट भूलतज्ज्ञ! लोक याच्या भरवशावर बेशुद्ध होतात!

रविवारी दुपारी टॉमचे आईवडील, मार्गारेट आणि कीथ, पहिल्यांदा चहाला यायचे होते. मी समोसे तळत होते, तेव्हा सायली म्हणाली, "आई, कीथ खूप स्वीट आहे. गॅम्बलिंग सोडणाऱ्या लोकांचा ग्रुप आहे चर्चमध्ये, तो चालवते."

मी झारा तसाच कढईत सोडला आणि देवघराकडे धावले. टॅबलेट उचलला, कुंकू पदराने पुसलं, तेवढ्यात बेल वाजली. घाबरून मी तो फ्रंटरूममधल्या सोफ्याच्या उशीखाली सारला. टॉम आणि कीथबरोबर मार्गारेट आत आली, "व्हॉट अ लव्हली रूम!" म्हणाली आणि नेमकी त्याच उशीवर टेकली. (चांगल्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या हो!) सायलीने चहा-समोसे दिले आणि मार्गारेट समोशाची बशी शेजारी सोफ्यावर ठेवून जरा सरकून बसली.

धाड! धाड! धाड!

मार्गारेट किंचाळून उठली. उशीखालून एक घोगरा आवाज म्हणाला, "वेलकम टू द फॅमिली!"

मी झडप घालून टॅबलेट ओढला. बंदच करणार होते, देवाशपथ! पण बघते तर काय, दोन हॅटवाले येऊन थांबले होते आणि तिसरं चक्र अजून फिरत होतं. माझं भान सुटलं. "ये! ये रे मेल्या, हॅट ये!" आलं पिस्तूल. खिचडी! म्हणजे पुन्हा विचारायचं. मी पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा खिचडी. मी पदर खोचला आणि सोफ्यावर चढले. (का चढले, ते मला आजही सांगता येत नाही.) "एकदाच! फक्त एकदाच दे!" मी ओरडत होते.

कीथने कप खाली ठेवला. हलक्या पावलांनी जवळ आला आणि इतक्या मायेने बोलला की मला रडूच फुटलं. "वसुधा, हे कधीपासून चाललंय?"

"गुरुवारपासून!"

"सुरुवातीला सगळे तेवढंच सांगतात. आणि हे सगळं कुणासाठी?"

"माझ्या मुलीच्या लग्नासाठी!"

मार्गारेटने टिश्यू काढला. टॉम पांढराफटक पडला. झालं! ठरतंय म्हणेपर्यंत मोडलं लग्न, आणि मोडलं कुणी, तर मी!

"आई, लग्नाचा काय संबंध?" सायली डोळे विस्फारून म्हणाली. "आजी तर फर्स्ट वीकमध्येच यस म्हणाला! तुला नाही सांगितला?"

मी सोफ्यावरूनच आईंकडे वळले. "हो म्हणालात? मग तो कौल कसला लावत होतात?"

आईंनी समोसा शांतपणे चटणीत बुडवला. "हेच विचारत होते की मी हो म्हणाले ते वसुधाला पाहुणे यायच्या आधी सांगू का. ती नीट घेईल, की हुरळून जाऊन त्या माणसांसमोर तमाशा करेल? तीनदा डावा आला. मग कशी सांगणार तुला?"

वर्गात मी मुलांना कायम बजावते, पुरावा असल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. इथे तर पुरावा ढळढळीत समोर होता. सोफ्यावर उभा, पदर खोचलेला, आणि पाहुण्यांचा समोसा पायाखाली तुडवलेला!