भिंत शाबूत आहे

"थापी धरायला विसरलास काय रे, मास्तर झालास म्हणून?"

हेडमास्तर दारात उभे. माझ्यासमोर तिसरीची अडतीस पोरं. माझ्या अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात खडू. आणि माझ्या पायाशी चुन्याचं घमेलं. शिपायाकरवी आणून ठेवलेलं.

"भेग तुलाच दिसली ना? मग तूच बुजव. जातीचं काम आहे तुझं. आम्हाला काय कळतंय त्यातलं!"

पोरं हसली. सगळी नाही, पण हसली. मी टोपी काढून ठेवली, बाह्या वर सारल्या आणि माझ्याच वर्गात, माझ्याच पोरांसमोर गिलावा करायला लागलो. कानशिलं तापली होती. तरी केला. मुकाट्यानं केला. हे सांगायला आजही लाज वाटते मला.

मी वडाराचा. बाप सोलापुरात खाणीवर दगड फोडायचा, लोकांच्या घरांच्या भिंती रचायचा. मी कसाबसा व्हर्नाक्युलर फायनल पास झालो आणि भवानी पेठेतल्या या शाळेत मास्तर म्हणून लागलो. शाळेत माझं पाणी वेगळं. बाकीच्यांना खुर्च्या, मला पोतं. हेडमास्तरांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए वडार" एवढंच. मी ओ द्यायचो. नोकरी होती ना! मास्तरकीसाठी शुद्ध बोलायला शिकलो होतो. वस्तीची गावठी मराठी दातांमागं दाबून ठेवायचो.

वर्गाची मागची भिंत मातीत रचलेल्या दगडाची. पलीकडून गटाराचं पाणी तिच्यात मुरत होतं. भिंतीला पोट आलं होतं. विणकराची पोशम्मा त्या भिंतीला टेकून बसायची. एक दिवस म्हणाली, "मास्तर, पाटीवर माती पडतीया की." मी हातानं पुसली. परत पडली. वर बघितलं तर भेग. मी एक धोंडा घेतला आणि भिंत ठोकून बघितली. चांगली भिंत टणटण वाजते. ही बद वाजली, पोकळ. मी हेडमास्तरांना जाऊन सांगितलं. त्याचं बक्षीस म्हणून ते घमेलं.

पण बापानं मला एक शिकवलं होतं. भेगेवर चुना लावायचा आणि वाट बघायची. चुना सलग राहिला तर भिंत थांबलेली. चुना चिरला तर भिंत चालतेय. आमच्यात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. हेडमास्तरांनी माझी अब्रू काढायला भेग बुजवून घेतली. आपण काय करून घेतलं ते त्यांना कळलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. गिलावा वरपासून खालपर्यंत चिरलेला. भेगेत माझी करंगळी जात होती.

त्याच दिवशी सरकारचे दिपोटी साहेब यायचे होते, शाळा तपासायला. शाळेच्या खोल्या भाड्याच्या. मालक पेठेतलं बडं प्रस्थ, शाळेच्या कमिटीवर बसणारं. खोली धोक्याची ठरली तर मालकाची नाचक्की, तिसरीचा वर्ग बंद आणि हेडमास्तरांवर ठपका. मला हे कळत होतं. तरी मी त्यांच्याकडं गेलो आणि म्हटलं, आजच्या दिवस वर्ग लिंबाखाली बसवू.

"दिपोटीला झाडाखाली शाळा दाखवू? डोकं फिरलंय का तुझं? इतकी वर्षं उभी आहे ती. दिवाळीपर्यंत काय होत नाही तिला."

मग त्यांनी एक कागद पुढं सरकवला. 'वर्गाची भिंत मी स्वतः तपासली. भिंत शाबूत आहे.' खाली माझं नाव लिहून तयार.

"कर सही. वडाराची सही म्हटल्यावर शंका कोण घेणार?"

टाक माझ्याकडं धरला होता. मी खिडकीतून पुढच्या खोलीत बघितलं. मालकाचा नातू माझ्या वर्गातला. तो आज तिकडं दुसरीच्या पोरांत बसला होता. त्याला कुणी नेऊन बसवलं, ते विचारायची गरजच नव्हती. माझ्या डोक्यात लख्ख झालं. टाक धरून बसलेल्या या माणसाला सगळं माहीत आहे. भिंतही माहीत आहे. भ्यायलाय तो, पण त्याची भीती माझ्या पोरांसाठी न्हाय. आणि हाच माणूस रोज सकाळी पोरांना प्रार्थना म्हणायला लावतो! मला त्याची शिसारी आली. त्याच्याहून जास्त माझी आली. परवाच मी त्याच भिंतीला चुना फासला होता.

"सही करत न्हाय मी," मी म्हणालो. तोंडातनं वस्तीचीच बोली आली आणि मी ती अडवली नाही. "आन पोरंबी तितं बसत न्हाईत."

"ए वडार, नोकरी जाईल."

"जाऊ द्या की."

मी वर्गात गेलो. पोरं तपासणीसाठी तेल लावून, भांग पाडून बसलेली. ओरडलो असतो तर धावपळ झाली असती. हळूच सांगितलं, भिंतीजवळची आधी उठा, पळू नका, पाय आपटू नका. अर्धी पोरं विणकरांची. त्यांना तेलुगूत सांगितलं, ती आमच्या घरच्या भाषेजवळची. एकेक करून दाराबाहेर निघाली. मी मोजत होतो. पोशम्मा दारापर्यंत आली आणि पाटी राहिली म्हणून मागं पळाली. मी गेलो, तिला काखेत मारली. वाकलो तेव्हा मानेवर माती पडली. बारीक, गार. पाटी तितंच राहू दिली.

गल्लीत टांगा येऊन थांबला. दिपोटी उतरले. पोरं भिंतीपासून लांब, उन्हात उभी.

"हे काय आहे?"

"कामचुकार आहे, साहेब," हेडमास्तर म्हणाले. "जातच तशी."

मी भेग दाखवली. दिपोटींनी उंबऱ्याबाहेरूनच मान आत घातली. पाय आत टाकला नाही. मग माझ्याकडं वळले.

"भिंत पडली का?"

"न्हाय, साहेब."

"मग हा तमाशा कशाला?"

संध्याकाळी मला काढल्याचा कागद मिळाला. दुसऱ्या दिवशी नवा मास्तर आला आणि पोरं परत त्याच भिंतीला टेकून बसली. मी घरोघर हिंडलो. पोशम्माच्या बापानं ऐकलं, पोरगी घरी ठेवली. बाकीच्या आया म्हणाल्या, "मास्तर, तुमचं खरं आसंल. पर पोराचं नाव कापलं तर?" दीड महिना रोज शाळेच्या वेळेला मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचो, कान देऊन. घंटा झाली, पोरं ओरडत बाहेर आली की घरी जायचो.

दिवाळीच्या सुट्टीत मालकानं भिंत उतरवली. गुपचूप. वडारच बोलावले. माझा चुलता होता त्यात. पहार नुसती टेकवली आणि माणसाच्या छातीएवढ्या उंचीची भिंत आतल्या बाजूला कोसळली, म्हणतो. पोरं बसायची तिथं. त्याची नोंद कुठंच नाही. शाळेच्या दप्तरात ती शाबूतच आहे.

लोक ऐकतात आणि म्हणतात, म्हणजे तूच खरा होतास की! राग येतो मला. चुलत्याच्या पहारीनं मी खरा ठरलो काय? ती भिंत आणखी दहा वर्षं उभी राहिली असती तर मी येडा? चिरलेला चुना त्या सकाळी माझ्या डोळ्यासमोर होता. तेवढं पुरे होतं. अडतीस पोरं मेल्याशिवाय ज्यांना पुरावा दिसत नाही, त्यांच्याकडून मला खरेपणाचा दाखला नको.

मागच्या आठवड्यात हेडमास्तरांचा शिपाई आला. माफी लिहून दे, परत घेतो, असा निरोप. ती माफी दप्तरात गेली की चूक माझीच ठरणार. बायको माझ्याकडं बघत होती. घरात पीठ नव्हतं. मी कागद मागून घेतला आणि लिहिलं.

'भिंत चालत होती. मी पोरं बाहेर काढली. उद्या दुसरी भिंत चालली तर परत काढीन. तुम्हाला विचारायला थांबणार नाही.'