बागेत ‘हे’वर बंदी

लातूरच्या आमच्या बागेत सकाळी आम्ही पाच-सहा म्हातारे-म्हाताऱ्या जमतो. किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. कालचा किस्सा सगळे विसरलेले असतात, त्यामुळे तोच आज पुन्हा ताजा निघतो!

*

सुरुवात व्यंकटरावांपासून. चाकूरला वावर, सारं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेलं. अलीकडे फार विसरायला लागले म्हणून डॉक्टरांनी स्कॅन काढला आणि सांगितलं, वयानं सगळ्यांचाच मेंदू आकसतो, यांचा जरा जास्त आकसलाय.

व्यंकटराव म्हणाले, "आकसंना का. तसा बी लई वापरला न्हाई."

डॉक्टर हसले. म्हणाले, मग आता वापरा. रोज काहीतरी नवं करा, डोक्याला कामाला लावा. उतार हळू होईल अशी आशा आहे, गॅरंटी नाही.

हसल्या नाहीत त्या त्यांच्या बायको, सुभद्रावहिनी. आदल्या दिवशी व्यंकटरावांनी त्यांनाच विचारलं होतं, "बाई, आमच्या घरची कुठं गेली?" हे त्यांनीच आम्हाला बागेत सांगितलं. त्या दिवशी मलाही चहा गोड लागला नाही.

*

मग आम्ही कायदा केला. ‘ते हे’ म्हणायला बंदी! शब्द आठवला नाही तर वर्णन करायचं, बाकीच्यांनी सांगायचं नाही.

पहिले सापडले कदमतात्या. डोक्यावर धरायचं, पावसात उघडायचं, असं त्यांचं चाललेलं, आणि आम्ही तोंडाला रुमाल लावून गप्प. बऱ्याच वेळानं तात्या ओरडले, "छत्री!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. तात्यांचा चेहरा मात्र पडला. छत्री औशाच्या एस.टी.त राहिल्याचंही त्यांना तेव्हाच आठवलं.

*

खरी पंचाईत वहिनींची. लग्न झाल्यापासून नवऱ्याला त्या ‘हे’च म्हणतात. आता म्हणायचं काय? तात्यांनी निकाल दिला, उखाणा घ्या. रोज नवा, शिळा चालणार नाही.

वहिनी जिद्दीच्या. गॅसवाल्या पोरीनं फोनवर विचारलं, सिलिंडर कुणाच्या नावावर? वहिनी अडल्या नाहीत:

"चुलीवरचं दूध चाललंय उतू,
व्यंकटरावांचं सिलिंडर धाड लवकर तू!"

सिलिंडर त्याच दिवशी आलं.

*

घरात दिवसभर उखाणे. व्यंकटराव आधी वैतागले. मग एकदा वहिनी ‘शेगडी’ला ‘बैलगाडी’ जुळवत होत्या, तर आतून आवाज आला, "जुळंना ते. लुगडी घाल."

वहिनींनी दुसऱ्या दिवशी बागेत शिरा आणला. यमक चुकलं म्हणून शिरा वाटणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

*

परवा पुन्हा तपासणी होती. गाडी माझी, म्हणून मीही आत गेलो. डॉक्टरांनी वार विचारला, व्यंकटराव अडकले. महिना विचारला, तोही चुकला. वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं. शेवटी डॉक्टरांनी त्यांच्याकडेच हात करून विचारलं, "आणि ह्या कोण?"

व्यंकटराव वहिनींकडे बघत राहिले. डॉक्टरांनी लिहायला पेन टेकवलं, तसा व्यंकटरावांनी हात वर केला.

"थांबा की. जुळवायलोय."

मग उठून उभे राहिले, घसा खाकरला:

"वावर आकसलं तरी चालू हाय ट्रॅक्टर,
सुभद्राचं नाव घेतो, लिहून घ्या डॉक्टर!"