ताईनं सोडलेलं दही

आमची सुनीतीताई दहीवेडी. लहानपणी आईनं रात्री विरजण लावलं की सकाळी दही लागलंय का ते बघायचा मान तिचा. बघायची कसली, अर्धं वाडगं फस्त करून ठेवायची, आणि बोलणी खायची मी, कारण मी धाकटी. काय दिवस होते ते! आता ती सत्तरीची झालीय. कोथरूडला मुलाकडे राहते. तो गंधार हिंजवडीहून परत येईपर्यंत मी तिच्या सोबतीला असते.

यंदा तिला जिना चढवेना. चेहरा पिवळट, पायांना मुंग्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट्सही कमी. तिन्ही एकदम कमी म्हटल्यावर गंधारनं फोनवर काहीबाही वाचलं आणि त्याचा चेहराच उतरला. रक्ताचा कॅन्सर हे शब्द घरात कुणी उच्चारले नाहीत, पण कुणाला घास गिळवेना.

रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी काचपट्टीवर रक्त पाहिलं. तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसतायत म्हणाल्या. हाडात सुई घालून तपासण्याआधी बी-ट्वेल्व्ह बघू. मग विचारलं, आजी, आहारात काय काय असतं? ताई म्हणाली, सगळं.

सगळं कसलं डोंबलाचं! मला राहवेना, मीच सांगून टाकलं. बाई शुद्ध शाकाहारी, त्यात काशीला जाऊन आल्यापासून दूध, दही, ताक बंद. चहासुद्धा कोरा. काशीला आवडती वस्तू सोडायची आमच्याकडे रीत. भावोजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, कारलं सोडलं, जे त्यांनी जन्मात पानात वाढून घेतलं नव्हतं. माणूस हुशार! ही बया मात्र खरंच आवडतं सोडून बसली.

बी-ट्वेल्व्ह पार तळाला गेलेलं निघालं; शाकाहारी माणसाला हे जीवनसत्त्व मुख्यतः दुधादह्यातूनच मिळतं, आणि हिनं नेमकं तेच सोडलेलं. इंजेक्शनं सुरू झाली आणि पेशी हळूहळू वाढू लागल्या. कॅन्सर नव्हता. गंधार आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला.

त्या आनंदात मी वाटीभर दही ताईपुढे ठेवलं. तिनं ते बाजूला सारलं. इंजेक्शनं घेईन म्हणाली, दही नको. मी चिडलेच. भावोजींना जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे कुणासाठी, असं तोंडावर विचारलं.

"त्यांच्यासाठीच सोडलं होतं," ती म्हणाली. "गंगेत उभी राहून मागितलं, माझ्याआधी त्यांना ने. मी आधी गेले असते तर त्यांना साधा चहा करून घेता आला नसता गं. गंगेनं तिचं पाळलं. मी कशी मोडू?"

सवाष्ण मरण यावं म्हणून उपास करणाऱ्या आईच्या आम्ही मुली. ताईनं नेमकं उलटं मागितलं होतं आणि कधी कुणापाशी बोलली नव्हती. मी वाटी उचलून आत नेली आणि ओट्याशी उभी राहून खूप रडले.