पडद्यापलीकडे ताई

विमानात शिरल्यावर ताई डावीकडे वळली आणि मी उजवीकडे. तिच्या मुलाने तिला बिझनेस क्लासचं तिकीट काढून दिलं होतं, माझ्या मुलीने तिला जमलं ते मला. चौदा तासांचा प्रवास आम्ही दोघी बहिणी एकाच विमानातून, पण पडद्याच्या दोन बाजूंना बसून करणार होतो.

जेवणानंतर पाय मोकळे करायला उठले, तेव्हा पडदा जरा सरकलेला दिसला. ताई चक्क पाय लांब करून आडवी झाली होती, अंगावर पांढरीशुभ्र दुलई. माझे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकून टेकून ठणकत होते. परक्या बाईचा हेवा वाटला असता, तर तो विमानातून उतरताच मी विसरले असते. पण लहानपणी एकाच गोधडीत लाथा मारून जिच्याशी जागेसाठी भांडले, तिचा हेवा फार आतवर जातो.

थोड्या वेळाने ताईच मागे आली आणि माझ्या खुर्चीच्या हातावर टेकली.

"तिकडे बोलायला कुणी नाही गं. करमत नाही."

"मग तू बस इथे, मी जाते तिकडे," मी हसत म्हटलं. पण माझा पट्टा मी सोडलाही होता.

ताईने माझ्या अरुंद खुर्चीकडे पाहिलं.

"बसले असते गं, पण माझी कंबर..." असं म्हणून तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि ती परत गेली.

खरं तर मला तिच्या कंबरेची काळजी वाटायला हवी होती. ती वाटली नाही.