आईच्या लहानपणचं नाव

दादाला स्किझोफ्रेनिया असल्याचं कळलं, तेव्हा मी हिंजवडीच्या एका कंपनीत नुकतीच लागले होते. बाबा आधीच गेले होते. मी आईला आणि दादाला अमरावतीकडून पुण्यात घेऊन आले. दादा गोळ्या घ्यायचा, शांत असायचा. कधीकधी मात्र अंग चोरून म्हणायचा, "ती बाई आलीये. मला नाही बोलवत, दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारतेय." कुणाला, हे आम्ही विचारत नसू. उगाच बिथरला तर?

त्याच्या डॉक्टरांनी एका संशोधनाबद्दल सांगितलं. हा आजार काही घरांत पुढच्या पिढ्यांत उतरतो. ज्या जनुकांवर संशय होता, ती तपासायला रुग्णाचं आणि घरच्यांचं रक्त हवं होतं. "यातून त्याचे उपचार बदलणार नाहीत हं," त्यांनी आधीच बजावलं.

रविवारी सकाळी त्यांची सहकारी घरी आली. तिघांचं रक्त घेऊन झालं. दादा आत जाऊन पडला, आणि तिनं आईला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"काकू, कुणी नसताना कधी आवाज ऐकू येतो का?"

मी चहा गाळत होते. आई नाहीच म्हणणार, हे मी धरून चालले होते.

"येतो ना," आई म्हणाली. "माझी माय हाक मारते."

आजी आईच्या लहानपणीच गेली होती. ती एकटीच बोलायची म्हणून तिला मागच्या खोलीत कोंडून ठेवत, हे मला त्या दिवशी कळलं.

"भीती नाही वाटत?"

"मायचं कायचं भेव? ओ देते अन् भाजी चिरत राहते."

"काय म्हणून हाक मारतात?"

आईनं एक नाव घेतलं. लाडाचं, खेड्यातलं. आजीशिवाय तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते.

दादा दारात येऊन उभा होता.

"हेच नाव," तो म्हणाला. "आई, ती तुला शोधतेय?"

डॉक्टरांची सहकारी म्हणाली, "लहानपणी कधीतरी घरात कानावर पडलं असेल."

"कोणाच्या तोंडून?" आईनं विचारलं.

तिनं ते नाव कागदावर लिहून घेतलं.

डॉक्टरांनी आईलाही तपासलं. तिचं सगळं नीट चाललं होतं, म्हणून औषध दिलं नाही. पुढे बऱ्याच काळानं मी त्यांना निष्कर्ष विचारला. संशयित जनुकांतले तेच बदल धडधाकट माणसांतही सापडले होते. ठोस काही हाती लागलं नव्हतं.

"आणि माझ्या रक्तात?"

"एकेका माणसाबद्दल यातून काहीच सांगता येत नाही."

दादाची भीती मात्र गेली. आता मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी येते, तेव्हा तो आईशेजारी मेथी निवडत बसलेला असतो. मधेच दोघांचे हात थांबतात, माना एकाच कोपऱ्याकडे वळतात. आई हळूच "ओ" म्हणते. दादा हसतो. मी चपला न काढता उंबऱ्यातच थांबते, त्यांचं होईपर्यंत.